पाण्याचा पंचनामा आणि माशाची साक्ष

(नांदेड येथे शिक्षक, कार्यकर्ते आणि मच्छीमार बांधव यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)

आपल्या भागात पाण्याविषयी आजवर दोन प्रश्न विचारले गेले. पहिला प्रश्न, पाणी कुणाचे? तो महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी विचारला, आणि १९७०च्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' या मोहिमेने तो पुन्हा गावोगावच्या विहिरींवर नेला. दुसरा प्रश्न, पाणी किती? तो तर मराठवाड्याच्या पाचवीलाच पुजला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ते पाहायला स्थानकावर गर्दी लोटली. पाण्यासाठी इतके आसुसलेले शहर त्या पाण्याचा गुणधर्म काय विचारणार? तहानलेल्या माणसाला 'किती' हाच प्रश्न सुचतो, आणि ते स्वाभाविक आहे.

परंतु एक तिसरा प्रश्नही आहे. पाण्यात काय आहे? आज मी या तिसऱ्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. या प्रश्नाचे उत्तर देणारा सर्वांत विश्वासू साक्षीदार आपल्या जाळ्यात रोज सापडतो, आपण त्याला बाजारात विकतो आणि शिजवून खातो. त्याची साक्ष मात्र आपण काढत नाही. तो साक्षीदार म्हणजे मासा.

लातूरची मांजरा आणि नांदेडची गोदावरी या दोन नद्या अखेर एकत्र येतात, हे आपण जाणताच. बिलोली तालुक्याच्या पलीकडे, तेलंगणाच्या हद्दीवर, कंदकुर्तीला त्यांचा संगम होतो. दोन जिल्ह्यांच्या शेतांवरून आणि गटारांतून जे काही वाहून येते ते तेथे मिळते आणि पुढे श्रीरामसागराकडे जाते. त्याच परिसरात बाभळीच्या बंधाऱ्याचा वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१३ साली निकाल लागला आणि बंधाऱ्याचे दरवाजे कोणत्या तारखांना उघडे ठेवायचे हे ठरले. दोन राज्ये वर्षानुवर्षे भांडली ती पाण्याच्या मापासाठी. त्या पाण्यासोबत खाली काय जाते आहे, हा त्या भांडणाचा विषय नव्हता.

आता कुणी म्हणेल, पाण्याची तपासणी तर होतेच. होते, आणि ती व्हावी यासाठी कायदेही आहेत. महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० सालीच स्थापन झाले. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा. ठरलेल्या जागी बाटलीत पाणी भरले जाते. त्यात प्राणवायू किती विरघळला आहे, सांडपाण्यातील सेंद्रिय घाण किती, मैल्यातील जंतू किती, हे पाहिले जाते. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातील नद्यांचे ३५१ पट्टे प्रदूषित म्हणून नोंदवले. त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रातले होते. या तपासणीला मी कमी लेखत नाही. गॅस्ट्रो आणि कावीळ ज्या पाण्यातून येतात, ते ओळखायला हीच तपासणी लागते.

पण बाटलीची एक मर्यादा आहे. बाटली एका क्षणाची साक्ष देते. सकाळी दहा वाजता जे वाहत होते तेवढेच तिच्यात सापडते. रात्री दोन वाजता नाल्यातून कुणी काय सोडले ते तिला ठाऊक नसते. शिवाय विषांचा एक वर्ग असा आहे की तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. डीडीटी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. लिटरभर पाण्यात त्याचे प्रमाण ग्रॅमच्या दशलक्षांश भागांत मोजावे लागते, इतके ते थोडे विरघळते. ते गाळाला चिकटते आणि चरबीत शिरते. म्हणून बाटलीतल्या पाण्याच्या अहवालात 'आढळले नाही' असा शेरा येतो आणि आपण निर्धास्त होतो. अहवाल खोटा नसतो. साक्षीदारच चुकीचा निवडलेला असतो.

ही विषे आपल्या नद्यांत आली कोठून? त्यासाठी कोणा अज्ञात शत्रूचा शोध घेण्याची गरज नाही. नांदेड हे कापसाचे गाव. येथील संशोधन केंद्रातून १९८४ साली बाहेर पडलेला नांदेड-४४ हा संकरित वाण अनेक राज्यांत पेरला गेला. संकरित कापूस आला तशी फवारणी वाढली. देशातील लागवडीच्या सुमारे पाच टक्के क्षेत्रावर असणाऱ्या कापसावर देशातील जवळजवळ निम्मी कीटकनाशके पडत होती, असे विसाव्या शतकाच्या अखेरीचे चित्र होते. लातूरकडे तूर, हरभरा आणि पुढे सोयाबीन. घाटे अळीसाठी एंडोसल्फान. बीएचसीची पावडर तर शेतकऱ्याच्या घरात मिठाच्या मडक्याइतकी परिचयाची होती. बियाण्याला लावा, वाळवीवर टाका, धान्याच्या कणगीभोवती भुरभुरा. मलेरियाच्या पथकाने घराच्या भिंतींवर मारलेला डीडीटी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिला आहे.

यातील बहुतेकांवर पुढे बंदी आली. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद झाला. रोगनिवारणासाठी तो नंतरही चालू राहिला. बीएचसी १९९७ मध्ये बंद झाली. एंडोसल्फानला केरळमधील कासरगोडच्या पीडितांनी दीर्घ लढा दिल्यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये रोखले. टिकाऊ विषांविरुद्धचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला आणि भारताने तो २००६ मध्ये मान्य केला. मात्र राजपत्रात बंदी छापली म्हणून शेतातील विष नाहीसे होत नाही. जमिनीत पडलेला डीडीटी अर्ध्यावर यायला दोनपासून पंधरा वर्षेही लागू शकतात. त्याचे जे रूपांतर होते ते डीडीईही तितकेच चिवट. मृगाचा पहिला जोरदार पाऊस काळ्या मातीचा थर ओढ्यात नेतो, ओढा नदीत नेतो, नदी धरणात नेते. आज धरणाच्या तळाशी बसलेल्या गाळात आपल्या आजोबांच्या फवारणीचा हिशेब लिहिलेला असू शकतो.

तो हिशेब मासा वाचतो. गाळातील आणि पाण्यातील कण सूक्ष्म शेवाळ घेते, शेवाळ बारीक जीव खातात, त्यांना लहान मासे, लहान माशांना मरळ आणि वाम. प्रत्येक पायरीवर अन्न पचते, ऊर्जा खर्च होते. चरबीत शिरलेले विष मात्र खर्च होत नाही. ते वरच्या पायरीवर साठत जाते. अमेरिकेतील क्लिअर लेक या सरोवरात चिलटे मारण्यासाठी १९४९, १९५४ आणि १९५७ अशी तीनदा डीडीडी नावाची डीडीटीचीच बहीण टाकली गेली. पाण्यात तिचे प्रमाण दहा लाखांत दोन शतांश भाग एवढे नगण्य होते. शेवाळ आणि सूक्ष्म जीवांत ते पाच भाग झाले. मासे खाणाऱ्या पाणपक्ष्यांच्या चरबीत ते सोळाशे भाग निघाले आणि पक्षी मरून पडले. रेचेल कार्सनबाईंनी १९६२ साली आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकातून ही हकिकत जगापुढे ठेवली. सरोवराचे पाणी त्या काळात तपासले असते तर ते स्वच्छच ठरले असते!

माशाची साक्ष काढायची रीत आता जगात रुळली आहे. एकाच जातीचे, सारख्या लांबीचे आठ-दहा मासे घ्यायचे. त्यांची लांबी, वजन, ठिकाण, तारीख नोंदवायची. मांस वाटून, त्यातील पाणी काढून, हेक्झेनसारख्या द्रावकात त्यातील चरबी उतरवायची. चरबी बाजूला सारून उरलेला अर्क गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रात सोडायचा. जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये शोधलेला इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर त्या यंत्राला जोडला की क्लोरिनयुक्त विषाचा कल्पनातीत सूक्ष्म अंशही कागदावर शिखरासारखा उमटतो. १९६०च्या दशकात सोरेन येन्सन हे स्वीडिश संशोधक डीडीटी शोधण्यासाठी मासे आणि पक्षी तपासत होते. त्यांना ओळखीच्या शिखरांशेजारी अनोळखी शिखरे दिसली. पाइक नावाच्या शिकारी माशात ती होती, मेलेल्या समुद्रगरुडात होती, त्यांच्या स्वतःच्या घरच्यांच्या केसांतही होती. १९६६ मध्ये त्यांनी जाहीर केले की हे पीसीबी आहे, म्हणजे विजेच्या रोहित्रांत वापरले जाणारे तेल. पीसीबीचे उत्पादन तेव्हा सदतीस वर्षे चालू होते आणि ते निसर्गात पसरले आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. माशाला विचारले तेव्हा कळले. आपल्याकडे पीसीबीविषयीचा आदेश निघाला तो २०१६ साली.

मासा केवळ 'विष आहे' एवढेच सांगत नाही, तो विषाची जन्मपत्रिकाही मांडतो. माशात डीडीईचे प्रमाण जास्त आणि मूळ डीडीटीचे कमी असेल, तर विष जुने, जमिनीतून येणारे. मूळ डीडीटी अधिक असेल, तर कोठेतरी ताजा वापर चालू आहे. बीएचसीचेही तसेच. त्यातील निरनिराळ्या घटकांच्या प्रमाणावरून जुनी पावडर कोणती आणि लिंडेन कोणते हे ओळखता येते. म्हणजे जबाबदारी भूतकाळाची की वर्तमानाची, हा निवाडा करण्यासाठी लागणारा पुरावा माशाच्या पोटात असतो.

या कामी आपल्या भागाला एक विशेष सोय आहे. परदेशात नदीतला रानमासा पकडला की त्याचे वय किती, तो कोठून आला, हे शोधण्यात निम्मा वेळ जातो. आपल्या तलावांत आणि धरणांत दरवर्षी कटला, रोहू, मृगळ यांचे मत्स्यबीज सोडले जाते. कोणत्या महिन्यात सोडले, कोठून आणले, याची नोंद मच्छीमार संस्थेच्या वहीत असते. मग सोडतानाच त्या बीजातील मूठभर तपासून ठेवा, आणि दहा-बारा महिन्यांनी त्याच पिढीचे मासे तपासा. मधल्या काळात त्यांच्यात जे वाढले ते त्या जलाशयाने दिलेले. दुष्काळात धरण आटते आणि मासे संपतात, हे आपले दुर्दैव. परंतु पुन्हा पाणी आले आणि नवे बीज पडले की हिशेबाची पाटी कोरी होते. गोदावरीवर विष्णुपुरीचा जलाशय शहराच्या वर आहे. तेथे एक जागा, शहराचे नाले मिळाल्यानंतर दुसरी, संगमापाशी तिसरी. मांजरेवर धनेगावचे धरण, लातूरजवळची नागझरी आणि खाली बिलोलीकडचा पट्टा. अशा सहा जागी वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि पावसाळा सरल्यावर, मासे घेतले तरी पाच-सात वर्षांत एक आलेख उभा राहील. यंत्रे महाग आहेत, ती विद्यापीठांच्या आणि मोठ्या प्रयोगशाळांच्या पातळीवरच असू द्या. नमुने नीट गोळा करणे, गोठवणे, नोंदवणे हे काम मात्र तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे विद्यार्थी निश्चित करू शकतात.

मी या पद्धतीची भलामण करतो आहे, म्हणून तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सर्व विषांविषयी मासा बोलत नाही. अलीकडची पुष्कळ कीटकनाशके शरीरात साठत नाहीत. ती थोड्या काळात विघटित होतात, पण तेवढ्या काळात जीव घेतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते अशा विषांनी. त्यांतील ऑरगॅनोफॉस्फेट गटाचा संशय असेल तर माशाच्या मेंदूतील एका विशिष्ट एन्झाइमची क्रिया मंदावली आहे का, हे पाहावे लागते. 'कायमची रसायने' म्हणून हल्ली ज्यांची चर्चा होते ती फ्लोरिनची रसायने चरबीऐवजी रक्तात आणि यकृतात जातात. त्यांची यंत्रे वेगळी. तीन वर्षांच्या मरळेची तुलना तीन महिन्यांच्या चिलापीशी केली तर निष्कर्ष फसवा निघेल. आणि गरिबाच्या घरी बारके मासे अख्खे शिजतात; प्रयोगशाळेने मात्र फक्त मांसाचा तुकडा तपासला, तर खाणाऱ्याच्या पोटात काय गेले ते कळणारच नाही. लोक जसे खातात तसेच तपासले पाहिजे.

येथवर विज्ञान झाले. आता मला त्या आक्षेपाकडे वळायचे आहे, ज्याने मला बरेच दिवस अस्वस्थ केले आहे. नदीकाठी एका वृद्ध भोई बांधवाला मी हे सारे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. थर्माकोलच्या तराफ्यावरून रात्रभर जाळे टाकून तो नुकताच आला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, तुमी मासळी तपासनार, पेपरात येनार की मासळीत जहर हाय. बाजार आमचा बसनार. ज्यानं जहर टाकलं त्याचं काय व्हनार?"

मित्रहो, या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. जपानमधील मिनामाताच्या कोळ्यांचा अनुभव हेच सांगतो. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारा समुद्रात जात होता. १ मे १९५६ रोजी तेथील विचित्र आजाराची अधिकृत नोंद झाली. कंपनीच्याच रुग्णालयातील डॉ. होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचे सांडपाणी मांजरांना खाऊ घातले, आणि मांजरांना तोच आजार झाला. कंपनीने तो प्रयोग दडपला. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ मध्ये. मधली नऊ वर्षे विष वाहत राहिले. मासळी विकली जात नव्हती ती कोळ्यांची. आजारी घरांकडे शेजारी पाठ फिरवत होते तीही कोळ्यांचीच. मोजमाप झाले होते. ते कुणाच्या हाती होते, हाच खरा प्रश्न होता.

म्हणून माझे नम्र म्हणणे असे की माशांची तपासणी झालीच पाहिजे, पण ती काही अटींवर. पहिली अट, मच्छीमार संस्था ही या कामात भागीदार असावी. नमुना तिच्या सभासदांच्या हातून घेतला जावा आणि त्या माशांचे मोल त्यांना मिळावे. दुसरी, निष्कर्ष प्रथम त्यांच्यापुढे, मराठीत, समजेल अशा भाषेत वाचले जावेत आणि नंतर सर्वांसाठी खुले व्हावेत. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्याजवळ आहे. पण अर्ज करून मिळवावी लागणारी माहिती आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलेली माहिती यांत अंतर आहे. तिसरी, 'विषारी मासे' असा नुसता डांगोरा न पिटता कोणती जात, कोणत्या जागेची, किती खाणे सुरक्षित, गरोदर स्त्रियांनी काय टाळावे, हे स्पष्ट सांगावे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, एखाद्या जागी मासेमारी थांबवावी लागली तर मच्छिमाराची भरपाई त्याच दिवसापासून सुरू व्हावी. प्रदूषण करील त्याने भरावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले आहे. कारखान्याचा दोष असेल तर कारखान्याने भरावे. दोष जुन्या फवारणीचा असेल तर शासनाने भरावे, कारण ती फवारणी शेतकऱ्याने स्वतःच्या लहरीने केली नव्हती. कृषी खात्याने, आकाशवाणीने, कर्ज देणाऱ्या संस्थांनी ती त्याला प्रगतीचे लक्षण म्हणून शिकवली होती. शेतकरी आणि भोई यांना एकमेकांसमोर आरोपी म्हणून उभे करणे हा अन्याय ठरेल. विष बनवणारा आणि त्यावर नफा मिळवणारा त्या वेळी सभागृहाबाहेर सुखाने उभा असेल.

आपल्यापैकी जे मासे खात नाहीत त्यांना कदाचित वाटेल की हा प्रश्न मासे खाणाऱ्यांचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बारा राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे २२०५ नमुने तपासले होते. सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डीडीटी सापडला. चरबी माशाची असो की सायीची, विषाला ती सारखीच प्रिय. माशाच्या पोटात जे आढळेल तो नदीकाठच्या अवघ्या समाजाचा अहवाल असेल. मासा फक्त तो आधी देतो. आणि तो आधी देतो म्हणूनच त्याचा आणि त्याला पकडणाऱ्याचा आपण ऋणी असले पाहिजे.

विज्ञान हे प्रयोगशाळेत जन्मते, पण ते कुणाच्या बाजूने उभे राहील हे समाज ठरवतो. चवदार तळ्यावर लोकांनी पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क मागितला. तेच पाणी काय वाहून आणते हे जाणण्याचा हक्क मागणे, हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे. येत्या मृगाआधी या दोन जिल्ह्यांतील निदान दोन महाविद्यालयांनी आणि दोन मच्छीमार संस्थांनी एकत्र बसून पहिले नमुने घेण्याचे ठरवावे, एवढीच माझी विनंती आहे. पहिल्या वर्षी निष्कर्ष अपुरे असतील. काही हरकत नाही. वही उघडली जाईल. त्या वृद्ध बांधवाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला पुन्हा नदीकाठी जायचे आहे, आणि जाताना माझ्या हातात ती वही असावी अशी माझी इच्छा आहे.